पंचेचाळीस खोल्यांचा मालक

आमच्या बायकोच्या थोरल्या भावाइतका श्रीमंत माणूस मी सगळ्या बेंगळुरात बघितला नाही. छत्र्या त्यांच्या, उदबत्त्या त्यांच्या, फिनेल, उशा, मेणबत्त्या, टाळ, पतंग, सगळं त्यांचं. म्हणजे त्या सगळ्याचं नाव त्यांचं. माल कुठाय असं विचारायचं नाही. हा एवढा मोठा उद्योगपती मल्लेश्वरमला मागच्या गल्लीत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायचा आणि सकाळी डबा घेऊन दुसऱ्याच्या ऑफिसात टायपिंग करायला जायचा. मी चौथी नापास, निपाणीकडून आलेला, पिठाची गिरणी चालवणारा माणूस. मला वाटायचं, शिकलेल्यांची श्रीमंती अशीच दिसत असेल, आपल्याला अंगठेबहाद्दरांना काय कळतंय. त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, मात्र कळायचं. त्या म्हणायच्या, "ह्यांच्या नावाला चिक्कार खोल्या आहेत. माझ्या माहेरचं कोण आलं की मात्र मी स्वयंपाकघरात झोपते."

ह्या खोल्यांचं प्रकरण आधी सांगतो. ह्या मेव्हण्यांचं, म्हणजे आमच्या अण्णांचं, ऑफिस ट्रेडमार्कचं. कुणी साबण काढला, बिस्किट काढलं, की ते नाव दुसऱ्यानं पळवू नये म्हणून सरकारदरबारी नोंदवून द्यायचं काम. मला त्यांनी ते गिरणीच्या बाकावर बसून समजावलं. जोंधळ्याचं पीठ उडत होतं, त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, पण माणूस थांबेना. "असं समजा भावजी, सरकारनं एक घर बांधलंय. पंचेचाळीस खोल्यांचं. एकीत साबण, एकीत औषधं, एकीत गाड्या, एकीत पीठ-मसाले. आता नाव एकच असलं तरी साबणवाला आपल्या खोलीत, पंपवाला आपल्या खोलीत. ह्याचा त्याला त्रास नाही. भांडण कशाला होईल? सरी का? बरोबर ना?" मी म्हटलं, सरी. मला कळलं एवढंच, की आमच्या गावाकडं सहा भाऊ एका आडनावानं एका घरात राहतात आणि दर उन्हाळ्यात एकमेकांची डोकी फोडतात. सरकारला ही युक्ती आमच्या बापाच्या आधी सुचायला पाहिजे होती.

अण्णांचं घराणं हितलं जुनं. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्यातरी फौजेबरोबर आले आणि परत जायचं विसरले. मराठी बोलतात ते आम्हाला अर्धं कळतं, कन्नड बोलतात ते कन्नड लोकांना अर्धं कळतं. त्यामुळं असेल, पण एकच गोष्ट दोन ठिकाणी नांदतेय हे बघितलं की अण्णांना भरून यायचं. त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षा. भाजी राहायची बाजूला, हे पाट्या वाचत चालणार. चहापूडवाल्याचं जे नाव तेच समोर सायकलच्या ट्यूबवाल्याचं दिसलं, की भर रस्त्यात थांबून दोन्हीकडं हात जोडणार. मागून रिक्षावाला ओरडायचा. मी माफी मागायचो. मला वाचता येत नसल्यासारखंच आहे, त्यामुळं ह्यांचं देऊळ, म्हणजे ती पाटी, कुठल्या बाजूला आहे तेही कळायचं नाही. मी आपला अंदाजानं गटाराच्या दिशेनं नमस्कार करायचो.

एकदा तर त्यांनी कहर केला. बसवनगुडीत एक कॉफीपावडरवाला आणि एक ॲम्ब्युलन्सवाला, दोघांचं नाव एकच. अण्णांना वाटलं, ह्या दोघांची भेट घडवली पाहिजे, एका नावाचे म्हणजे चुलतभाऊच की. रविवारी दोघांना हॉटेलात बोलावलं, इडली मागवली, मला साक्षीला नेलं. पहिली दोन मिनिटं बरी गेली. मग कॉफीवाला म्हणाला, "म्हणजे तो तू का? अरे, लोक माझ्या दुकानात फोन करून सांगतात, लवकर या, म्हाताऱ्याला श्वास लागलाय." ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, "आणि मला लोक विचारतात चिकोरी किती टक्के. पेशंट मागं झोपलेला असतो." आवाज चढला, सांबार सांडलं, मालकानं चौघांनाही बाहेर काढलं. मी इडलीचा शेवटचा तुकडा तोंडात घालून निघालो, तेवढंच शहाणपण माझ्यात आहे. अण्णा मात्र स्टॉपवर बसच्या पाट्या वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "खोल्या वेगळ्या आहेत, पण फोन एकाच ओसरीवर वाजतो. हे कायद्यात लिहिलेलं नाही, भावजी."

त्यांनी स्वतःसाठी नोंदवलेलं नाव म्हणजे मिंचारा. ते कसं मिळालं तेही ऐका. ऑफिसात एक छत्रीवाला आला होता. त्याला नाव सुचवायचं काम अण्णांवर आलं. मिंचू म्हणजे कन्नडात वीज, त्यावरून त्यांनी मिंचारा बनवलं. छत्रीवाला म्हणाला, "डोक्यावर विजेचं नाव घेऊन पावसात कोण फिरेल?" आणि उठून गेला. बरोबर बोलला, मला विचाराल तर. पण अण्णांना ते बघवलं नाही. कुणी टाकलेलं मांजराचं पिल्लू उचलून आणतात तसं ते नाव घेऊन ते घरी आले. जेवताना चार वेळा म्हणून दाखवलं. वहिनींनी विचारलं, "आमटी वाढू?" हे म्हणाले, "मिंचारा." पगारातून जमेल तसं एकेक खोलीत त्यांनी ते नाव नोंदवायला सुरुवात केली. पहिली छत्र्यांची. त्या माणसाला दाखवून द्यायला असेल.

आता ह्यात एक मेख असते. नाव नोंदवून नुसतं ठेवलं आणि वर्षानुवर्षं वापरलंच नाही, तर कुणी तक्रार करून ते रद्द करवू शकतो. दुसऱ्या कुणी काहीतरी खोटंनाटं करून निभावलं असतं. अण्णांचं तत्त्व वेगळं. ज्याला आपलं नाव द्यायचं ती वस्तू एकदा तरी आपल्या हातानं केली पाहिजे आणि ती विकली गेली पाहिजे. झालं, घरात कारखाना सुरू. आणि गिऱ्हाईक कोण? मी. त्यांची बहीण केलेला माणूस, पळून जाणार कुठं. पिशवी घेऊन दारात उभे राहायचे आणि ओळख नसल्यासारखं म्हणायचे, "नमस्कार. काय देऊ?"

मी म्हणायचो, "उशी द्या."

"कुठली देऊ?"

"कुठल्या कुठल्या आहेत?"

"एकच आहे."

मग बिल व्हायचं, मी सही करायचो. मला लिहायला येतं ते एवढंच, आणि तेही त्या बिलांवर हात बसला म्हणून. उशीत त्यांनी माझ्याच गिरणीतला कोंडा भरला होता. उंदरांना पत्ता लागला, मी झोपेत कान वाचवत होतो. उदबत्ती लावली की शेजारीण विचारायची, दूध उतू गेलं का. फिनेलनं मुंग्या मेल्या नाहीत, फरशीचं पॉलिश तेवढं गेलं. पतंग जड होता. टाळांतला एक वाजायचा आणि दुसरा ऐकायचा. ही माझ्यावर चिडायची, "तुम्हाला नाही म्हणता येत नाही का माझ्या भावाला?" मी म्हणायचो, एकदा नाही म्हटलं नाही म्हणूनच तू माझ्या घरात आहेस. त्या दिवशी मला जेवण मिंचारा उशीवर बसून करावं लागलं, कारण पाट तिनं आत नेऊन ठेवला.

एका खोलीवर मात्र अण्णा अडले. गाड्यांची. मी म्हटलं, माझी पोती वाहायची ढकलगाडी आहे, तिला रंग मारू आणि नाव घालू. त्यांनी विचारलं, "ती तुम्ही बनवली का?" मी म्हटलं, नाही. "मग कसं भावजी? ज्याला गाडी करता येते त्याची ती खोली. राहू दे रिकामी." असल्या सचोटीची माणसं आता मिळत नाहीत. मिळाली तरी त्यांना घेऊन काय करायचं हा प्रश्नच असतो.

पिठाची खोली त्यांनी माझ्यासाठी घेतली. तेव्हा गिरणीला घरघर लागली होती. लोक पाकिटातलं पीठ आणायला लागले होते, दिवाळीआधीची चकलीची भाजणी आणि म्हाताऱ्यांची नाचणी एवढ्यावर माझं चाक फिरत होतं. हिनं थालीपिठाची भाजणी करून पाकिटं भरायला घेतली. अण्णा आले, म्हणाले, "पिठाच्या खोलीत तुम्ही राहा. भाडं नको." मिंचारा भाजणी. आणि काय सांगू, सगळ्या खोल्यांत ही एकच खोली खरोखर नांदती झाली. इंदिरानगरला पुण्या-मुंबईची पोरं कंप्युटरवर काम करतात, त्यांना आईची आठवण आली की भाजणी लागते. तिथले तीन-चार दुकानदार पाकिटं ठेवायला लागले. गिरणी बंद पडली ती पडली, पण चूल भाजणीवर चालली. पोरीचं कॉलेज भाजणीवर झालं. मी गावी गेलो की लोक विचारायचे, काय करतोस? मी म्हणायचो, मेव्हण्याच्या घरात राहतो. ते हसायचे, मीही हसायचो, खोटं काय होतं त्यात?

मग स्कूटर आली. बॅटरीवर चालणारी. नाव मिंचारा. कुणी चोरलं वगैरे नाही हो, त्या पोरांनी आपल्या डोक्यानं काढलं असणार, विजेची गाडी आणि विजेचं नाव. छत्रीपेक्षा तिलाच शोभत होतं. मेट्रोच्या खांबांवर, बसच्या पाठीवर, जिकडं बघाल तिकडं मिंचारा. ही घाबरली. अण्णा? अण्णांनी चौकातल्या मोठ्या फलकाला हात जोडले. डोळ्यांत पाणी. "रिकामी होती ती खोली भरली, भावजी. केवढी सजवलीय बघा." दुसऱ्या दिवशी मला घेऊन इंदिरानगरच्या शोरूममध्ये गेले. हातात भाजणीची दोन पाकिटं, खाली ब्लाउजपीस घालून, वर नारळ. नव्या घरात कुणी राहायला आलं की शेजाऱ्यानं न्यावं तसं. काचेचं दार कुठं ढकलायचं ते न कळून मी काचेवर आपटलो, त्यामुळं आमचं स्वागत लगेच झालं. मॅनेजर पुण्याचा पोरगा, मराठी ऐकून खूश. "काका, यू आर सो स्वीट. टेस्ट राइड घेणार?" त्यानं आमच्याबरोबर फोटो काढला. अण्णांनी त्याला पंचेचाळीस खोल्या समजावल्या. तो मान हलवत फोन बघत होता. नारळाचं काय करायचं ते त्याला कळेना, त्यानं तो स्कूटरच्या डिकीत ठेवला.

पुढं इंदिरानगरच्या दुकानांत लोक आमचं पाकीट उचलून विचारायला लागले, स्कूटरवाल्यांनी आता पीठ काढलं का. कुणी म्हणे, डुप्लिकेट आहे, नाव चोरलंय. जे नाव अण्णांनी माझी पोर शेंबडी होती तेव्हापासून सांभाळलं, ते आता आम्ही चोरलेलं झालं. त्यात स्कूटरवाल्यांची नोटीस आली. अण्णांना मालक म्हणून, मला विकणारा म्हणून. आमचं नाव देशभर गाजलंय, तुम्ही त्यावर पोट भरताय, बंद करा. दुकानदारांनाही पत्रं गेली, त्यांनी त्याच आठवड्यात पाकिटं परत पाठवली. नोटीस इंग्रजीत, मी ती उलटी धरून बघितली, सुलटी धरून बघितली, फरक पडला नाही. अण्णांकडं नेली. ते तोवर रिटायर झाले होते. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचली आणि म्हणाले, "चांगली लिहिलीय."

मी म्हटलं, "अण्णा, शिव्या घातल्यात का काय ते सांगा."

"लिहिणार चांगलीच. माझीच आहे." ज्या ऑफिसात त्यांनी जन्म घालवला त्याच ऑफिसनं ती पाठवली होती. "हे बघा, लोकांच्या मनात घर केलेलं नाव. हे वाक्य मी एका केसांच्या तेलवाल्यासाठी बांधलं होतं. साहेबांनी अजून तेच ठेवलंय."

मग त्यांनी मला एक नियम सांगितला जो आजवर कधी सांगितला नव्हता. नाव फार मोठं झालं, तर त्याला एक खोली पुरत नाही. ते सगळ्या घरावर हक्क सांगू शकतं. मी विचारलं, हे आधी का नाही बोललात. म्हणाले, "तो नियम मोठ्यांसाठी आहे. मला वाटलं, मोठे आपल्या गल्लीत कशाला येतील." मग नोटिशीची घडी घालत म्हणाले, "आपण त्यांच्या आधीचे आहोत. लढलो तर जिंकूसुद्धा."

"किती दिवसांत?"

वहिनी आतून म्हणाल्या, "दुकानदार तोवर पाकिटाला जागा राखून बसणार आहेत होय?"

कंपनीनं बोलावलं तेव्हा आम्ही दोघं गेलो. मला दिली ती खुर्ची फिरणारी निघाली. मी बोलायला तोंड उघडलं की खिडकीकडं तोंड व्हायचं. तोच पुण्याचा पोरगा, एक वकील मुलगी आणि अण्णांचे जुने साहेब. साहेबांनी नमस्कार केला, अण्णा सवयीनं उठून उभे राहिले. पोरगा म्हणाला, "काका, बेसिकली तुम्ही नावं घेऊन ठेवलीत, पण कस्टमर कोण आहे? उशी कुणी घेतली? उदबत्ती?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मी घेतली."

"आणखी कुणी?"

"उशी उंदरांनीपण घेतली थोडी."

सगळे हसले. अण्णाही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. आयुष्यभर मी ज्या जोरावर लोकांत बसलो तो विनोद त्या दिवशी मला नको झाला होता. पण दुसरं काही येतच नाही मला.

त्यांनी पैसे देऊ केले. अण्णांनी ते ऐकलंच नाही असं केलं. म्हणाले, "सगळ्या खोल्या सोडतो. पिठाचीसुद्धा. एकच करा. दुकानदारांना कळवा, ह्यांची भाजणी चोरीची नाही. माल ठेवायला हरकत नाही, नाव निघेल." वकील मुलीनं विचारलं, "सर, विचार करायला वेळ घेता का?" अण्णा म्हणाले, "पुष्कळ घेतला." आणि सह्या केल्या. एकेक कागद, एकेक खोली. छत्र्यांच्या कागदापाशी जरा थांबले. जुन्या साहेबांनी स्वतःचं पेन पुढं केलं होतं, ते परत देताना ह्यांनी टोपण नीट बसवलं.

रस्त्यात मी म्हटलं, "अण्णा, माझ्यासाठी कशाला एवढं. मी काय, पोती उचलीन कुठंतरी." ते म्हणाले, "होगली बिडा. जाऊ द्या ते." फलकाखालून गेलो. हात जोडले नाहीत. वर बघितलंसुद्धा नाही.

दारावरचा मिंचाराचा बोर्ड मी एकट्यानं उतरवला. जुनी पाकिटं भंगारवाल्यालाही नको होती. दुकानदारांनी भाजणी परत मागितली, थोडी कमी, पण मागितली. आता पाकिटावर काय छापायचं हा प्रश्न आला. ही म्हणाली, अण्णांनाच विचारा, नाहीतर त्यांना वाटेल आपल्याला विचारलं नाही. तसे ते फार यायचे बंद झाले होते. मी जाऊन घेऊन आलो. बाकावर बसले. मला वाटलं, आता दहा नावं सांगतील, प्रत्येकाचा अर्थ सांगतील, जेवायची वेळ टळेल. मी तयारीनं बसलो होतो.

म्हणाले, "नाव नको. भाजणी म्हणा."

"नुसती भाजणी?"

"असते की ती. भाजणीच आहे ना?"

ही पातेल्यातली ताजी भाजणी चाळत होती. अण्णांनी वाकून चिमूटभर घेतली, जिभेवर टाकली आणि डोळे मिटले. आम्ही दोघं बघत राहिलो. मग म्हणाले, "धणे स्वल्प कमी पडलेत गं."

ही म्हणाली, "पहिल्यापासून एवढेच घालते, अण्णा."

त्यांनी आणखी एक चिमूट घेतली. "असेल. खाल्ली पुष्कळ मी. चव कधी बघितली नव्हती."

दुसऱ्या दिवशी तिनं मूठभर धणे जास्त भाजले.